खरी मेख 'हेतू'च्या अटीत आहे

कुणाचे खासगी, नग्न फोटो तिच्या संमतीशिवाय पसरवले गेले की 'फोटो मुळात पाठवलाच कशाला?' असं लोक विचारतात; इथेही दोघातिघांनी विचारलंय. एका माणसाला दाखवणं म्हणजे गावभर वाटायची परवानगी देणं नव्हे, इतकंच म्हणतो. मला बोलायचंय ते 'कायदा आहे की, मग अडतंय कुठे' यावर.

अडतं ते कलमाच्या शब्दांत. इंग्लंड-वेल्समध्ये 2015 साली असे फोटो पसरवणं गुन्हा ठरलं, पण समोरच्याला मनस्ताप द्यायचा हेतू सिद्ध करावा लागे. म्हणजे 'मित्रांच्या ग्रुपवर गंमत म्हणून टाकला' म्हणणारा किंवा सरळ पैशासाठी विकणारा निसटायला मोकळा! (बाईची अब्रू गेली ती गेलीच.) 2023 च्या ऑनलाइन सेफ्टी अ‍ॅक्टने मूळ गुन्ह्यातून ती अट काढली. आता संमती नव्हती, आणि ती आहे असं मानायला वाजवी कारणही नव्हतं, एवढं पुरतं. डीपफेकही (एआयने बनवलेले खोटे फोटो) त्यात आले.

अमेरिकेच्या 2025 च्या टेक इट डाउन अ‍ॅक्टने तक्रारीनंतर 48 तासांत फोटो हटवायची जबाबदारी साइट्सवर टाकली. खोट्या तक्रारींनी भलताच मजकूर उडेल, ही त्यावरची टीका मला अगदीच फालतू वाटत नाही.

कायद्याची मदत मिळेतोवर स्टॉपएनसीआयआय (असे फोटो पसरणं रोखायला मदत करणारी ऑनलाइन सेवा) वापरा. फोटो कुठेही अपलोड होत नाही. आपल्याच फोनवर त्याचा हॅश (फोटोचा डिजिटल ठसा) बनतो आणि सहभागी कंपन्या तो जुळवतात. एन्क्रिप्टेड (कंपनीलाही वाचता येत नाही अशा) चॅटमध्ये मात्र उपयोग शून्य. आणि घाबरून सगळं डिलीट करण्याआधी लिंक, तारीख, पाठवणाऱ्याचं खातं दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. पोलीस पहिल्यांदा तेच मागतात.