भूशास्त्र विभागाला देणगी: कायम निधी, यंत्र की फील्डचा खर्च?

अभ्रक: आमच्या बॅचने भूशास्त्र विभागासाठी बऱ्यापैकी रक्कम जमवली आहे. काही जण म्हणतात कायम निधी करून शिष्यवृत्ती ठेवू, काहींना एखादं यंत्र घेऊन द्यायचंय. विद्यार्थ्यांना खरा उपयोग कशाचा? देणगीपत्रात काय लिहून घ्यावं?

गारगोटी: आधी हिशेब मांडा. कायम निधीत मुद्दल गुंतलेलं राहतं, खर्चायला वर्षाला साधारण ४ टक्केच मिळतात. म्हणजे दरवर्षी एका विद्यार्थ्याचा फील्ड सीझन (खडक असतात तिथे जाऊन काम करायचा हंगाम) भागवायला त्या खर्चाच्या २५ पट मुद्दल लागतं. तीच रक्कम ५ वर्षांत संपवायची ठरवली तर दरवर्षी पाच जण जातात. निधीला नाव राहतं हे खरं, पण रक्कम लहान असेल तर नावापुरतंच राहतं.

फील्डच्या खर्चात गाडी, मुक्काम, जेवण सगळे धरतात. नमुने परत आणायचं भाडं हमखास राहून जातं. तीन-तीन किलोचे ४० नमुने म्हणजे १२० किलो दगड.

डाइक: यंत्राच्या भानगडीत शक्यतो पडू नका. मास स्पेक्ट्रोमीटर (अणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र, खडकांचं वय काढायला लागतं) घेणं सोपं, चालवणं महाग. देखभाल करारच वर्षाला किमतीच्या दहा टक्क्यांच्या घरात जातो, शिवाय गॅस आणि तंत्रज्ञाचा पगार. त्याची तरतूद नसली की यंत्र आच्छादनाखाली पडून राहतं.

त्यापेक्षा प्रयोगशाळेचा वेळ विकत घेऊन द्या. वालुकाश्मातले झिरकॉन (वय काढता येतं असे खनिजाचे कण) कुठून आले हे शोधताना ५ टक्के वाटा असलेला एकही वयोगट निसटू नये, याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११७ कणांचं वय काढावं लागतं. पैसे संपले म्हणून विद्यार्थी ४० वर थांबतो आणि निष्कर्ष लंगडा पडतो.

थिन सेक्शनचंही, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या खडकाच्या पातळ कापाचंही, तेच. काप ०.०३ मिमी जाडीचा हवा. घाईत जाड राहिला तर क्रॉस्ड पोलर्समध्ये (प्रकाश ध्रुवित करणाऱ्या, काटकोनात ठेवलेल्या दोन फिल्टरांमधून बघताना) करड्या-पांढऱ्या दिसणाऱ्या क्वार्ट्झवर पिवळी झाक येते आणि बाकीच्या खनिजांचे रंगही फसवतात. चांगल्या कारागिराकडून काप करून घ्यायला दिलेला पैसा वाया जात नाही.

गारगोटी: यंत्रच द्यायचं असेल तर ध्रुवण सूक्ष्मदर्शक (ध्रुवित प्रकाशात असे काप बघायचा) द्या. तो वर्षानुवर्षं चालतो. जीवशास्त्राचा जुना सूक्ष्मदर्शक मात्र नको; त्याला ना पोलरायझर, ना फिरता मंच.

शिस्ट: देणगीपत्राबद्दल. सगळ्यात आधी, पैसे आगाऊ मिळतील असं लिहून घ्या. ‘आधी खर्च करा, बिलं द्या, मग मिळतील’ या पद्धतीत ज्याला मदतीची खरी गरज आहे तोच अर्ज करत नाही. निवड विभागाच्या समितीने करावी, देणगीदाराने नाही. अटी फार बारीक नकोत. ‘अमुक गावचा, जीवाश्मांवर काम करणारा’ असं लिहिलं तर कित्येक वर्षं पात्र उमेदवारच मिळत नाही आणि पैसा पडून राहतो. ‘उमेदवार नसल्यास जवळच्या विषयासाठी वापरता येईल’ हे कलम घालाच. प्रशासकीय कपात किती टक्के, तेही आकड्यात लिहून घ्या. वर्षातून एकदा एका पानाचा खर्चाचा तपशील मागायला हरकत नाही. त्याहून जास्त मागितलंत तर प्राध्यापकांचा वेळ कागदांत जाईल.

अभ्रक: छान, आता बॅचपुढे ठेवतो. एकाकडे खडकांचा मोठा संग्रह आहे, तोही द्यायचा म्हणतोय.

डाइक: प्रत्येक नमुन्यासोबत अक्षांश-रेखांश, कोणत्या थरातून घेतला आणि तारीख असेल तर विभाग आनंदाने घेईल. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर तो फार तर पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला चालेल. द्यायच्या आधी यादी पाठवून विचारा. कपाटं सगळीकडे भरलेली असतात.