परांचन: भोवऱ्याला हा शब्द चालतो का?

दांडिया बाजार, वडोदरा: गणपतीत आमच्या सोसायटीत लेक भोवऱ्यावर मराठीतून बोलणार आहे. शाळा गुजराती, त्यामुळे तिच्या तोंडी ‘भमरडो’च. तिरका भोवरा न पडता गोल गोल डुलत राहतो, त्याला कोशात ‘परांचन’ मिळालं. नुसतं ‘डुलणं’ म्हटलं तर काय बिघडलं?

निवृत्त मास्तर: ताई, डुलणं दोन तऱ्हेचं असतं, म्हणून बिघडतं. आसाचं वरचं टोक वर्तुळ काढतं ते परांचन. ते काढताना टोक बारीकसं खालीवर होतं, ते अक्षांदोलन. स्वतःभोवती फिरण्याला गिरकी म्हणा. फिरकी नको, वडोदऱ्यात फिरकी म्हटलं की पोरं मांजा शोधतात!

कारण असं सांगा: वजन भोवऱ्याला पाडायला बघतं. पण जोरात फिरणाऱ्या वस्तूला कलवायला गेलं की तिचा आस त्या बाजूला न झुकता काटकोनात सरकतो. म्हणून भोवरा पडायचा तो वळतो. गिरकी मंदावली की परांचन मात्र वाढतं. शेवटच्या झोकांड्या त्याच.

संस्कृतवाली: ‘परा’ आणि ‘अञ्च्’, म्हणजे उलट दिशेला वळणं. पण भोवरा ज्या बाजूनं फिरतो त्याच बाजूनं डुलतो. उलट कुठे गेला?

निवृत्त मास्तर: बरोबर पकडलंत. हा शब्द शोभतो तो पृथ्वीला. ती विषुववृत्तावर फुगीर आहे, तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटर जास्त. सूर्य-चंद्र त्या फुगवट्याला ओढतात आणि कललेला आस उभा करायला बघतात. भोवऱ्याचं वजन त्याला आडवं पाडायला बघतं, इथे नेमकं उलट. म्हणून पृथ्वीच्या आसाची फेरी तिच्या गिरकीच्या विरुद्ध दिशेनं होते, सुमारे २६,००० वर्षांत एक. पंचांगवाले ज्याला अयनचलन म्हणतात ते हेच. सूर्याची वाट आकाशातल्या विषुववृत्ताला जिथे छेदते तो संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो.

वर्कशॉपवाला: भोवऱ्यालाही मागे नेता येतं. जायरोस्कोप, म्हणजे चौकटीत बसवलेलं जोरात फिरणारं चाक, आधाराखाली लोंबता ठेवा, मग वजनच आस उभा करायला बघतं आणि परांचन उलट होतं. तेव्हा शब्दाच्या व्युत्पत्तीवर फार जाऊ नका, दोन्हीकडे चालवा. जायरोस्कोपला मात्र जायरोस्कोपच राहू द्या. फुको या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये नाव दिलं ते पृथ्वीचं फिरणं दिसावं म्हणून. आणि आपल्या फोनमधल्या जायरोस्कोपात तर काही फिरतच नाही, एक सूक्ष्म तुकडा थरथरतो.

दांडिया बाजार, वडोदरा: मास्तर, लेक विचारतेय, सायकलही चाकांच्या गिरकीमुळेच उभी राहते ना?

निवृत्त मास्तर: गिरकीची मदत होते, पण तिच्यावाचून अडत नाही. २०११ मध्ये संशोधकांनी एक सायकल केली. तिच्यात उलट फिरणारी जादा चाकं बसवून गिरकीचा परिणाम पुसून टाकला होता. ढकलल्यावर ती स्वाराशिवाय तोल सांभाळत गेली. सायकल ज्या बाजूला कलते तिकडे हँडल आपसूक वळतं का, ते आधी बघायला सांगा तिला.