गेरेरोची माणसं वाढली, तरी एक खासदार कमी झाला. हे न्याय्य आहे का?

डोंगरवाट (धागाकर्ता)

मी स्पॅनिश शिकवतो. वर्गात मेक्सिकोचा नकाशा लावलेला असतो आणि गेरेरो राज्यापाशी माझं बोट हमखास थांबतं. आकापुल्कोचा समुद्रकिनारा बहुतेकांना ऐकून माहीत असतो. त्याच राज्याच्या पूर्वेला ‘ला मोंतान्या’, म्हणजे नुसतंच ‘डोंगर’ अशा नावाचा प्रदेश आहे. त्लापा हे तिथलं बाजाराचं मोठं गाव. नावा, मिश्तेक आणि त्लापानेक लोकांची ही वस्ती देशातल्या सगळ्यात गरीब भागांपैकी एक आहे.

मेक्सिकोच्या लोकप्रतिनिधी सभागृहात ५०० जागा असतात. ३०० थेट मतदारसंघांतून, २०० पक्षांच्या याद्यांतून, मतांच्या प्रमाणात. मतदारसंघ ३०० हे घटनेतच लिहिलेलं आहे. जनगणना झाली की ते राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायचे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय निवडणूक संस्थेने (‘इने’ने) नवा नकाशा मंजूर केला आणि २०२४ ची निवडणूक त्यावर झाली. त्यात गेरेरोचे ९ मतदारसंघ ८ झाले.

आता आकडे बघा. गेरेरोची लोकसंख्या २०१० ला ३३,८८,७६८ होती, २०२० ला ३५,४०,६८५. म्हणजे दीड लाख माणसं वाढली आणि एक खासदार गेला. कारण देश १२ टक्क्यांनी वाढला आणि गेरेरो साडेचार टक्क्यांनीच.

गेरेरो मागे का पडला? पोटासाठी माणसं बाहेर पडतात म्हणून. ला मोंतान्यातली कुटुंबंच्या कुटुंबं पोराबाळांसकट सिनालोआच्या टोमॅटो-मिरचीच्या शेतांवर मजुरीला जातात. पावसाळा सरला की निघायचं आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परतायचं. २०२० ची जनगणना झाली २ ते २७ मार्च या दिवसांत, म्हणजे ऐन हंगामात. नोंद नेहमीच्या राहत्या ठिकाणाची होते, हे मला माहीत आहे. पण दाराला कुलूप असेल तर आत किती माणसं राहतात हे प्रगणकाला सांगणार कोण?

ज्यांना प्रतिनिधीची सगळ्यात जास्त गरज, त्यांचाच प्रतिनिधी आपण गणिताच्या नावाखाली काढून घेतो. मला हे पटत नाही.

आकडेमोड

तळमळ कळते, पण निष्कर्षाला माझा ठाम विरोध. सीमांना हात लावला नाही तर काय होतं, हे मेक्सिकोने भोगून पाहिलंय.

१९७७ च्या सुधारणेनंतर जे ३०० मतदारसंघ आखले गेले, तेव्हा राजधानीला, म्हणजे तेव्हाच्या फेडरल डिस्ट्रिक्टला ४० मिळाले आणि शेजारच्या मेक्सिको राज्याला ३४. आखणारा निवडणूक आयोग गृहमंत्र्यांच्या हाताखालचा. पुढे १९९६ पर्यंत हे वाटप तसंच राहिलं. दरम्यान राजधानीतली माणसं परवडेना म्हणून शहराबाहेर सरकली. मेक्सिको राज्यातली नेसावाल्कोयोत्ल (‘नेसा’), एकातेपेक ही उपनगरं फुगत गेली. १९९० च्या जनगणनेत राजधानीत ८२,३५,७४४ लोक होते आणि मेक्सिको राज्यात ९८,१५,७९५. भागाकार करा: राजधानीत २ लाख ६ हजार माणसांमागे एक खासदार, उपनगरवाल्यांना २ लाख ८९ हजारांमागे एक. राजधानीतल्या इस्तापालापातून रस्ता ओलांडून नेसाला घर केलं की तुमच्या मताची किंमत जवळपास तीस टक्क्यांनी घसरली! आणि तो रस्ता ओलांडणारा माणूस गरीबच होता.

१९९६ च्या फेररचनेत राजधानी ३० आणि मेक्सिको राज्य ३६ झालं. दोन्हीकडे सरासरी २ लाख ७३-७४ हजार. याला मी न्याय म्हणतो. पुढे राजधानी २७, २४ आणि आता २२ वर आली. म्हणजे गेरेरोने एक गमावली तेव्हा राजधानीने दोन गमावल्या. गरिबाकडून काढून श्रीमंताला दिलं, असं सरसकट म्हणता येत नाही.

गेरेरोचंही बघा. एकूण १२,६०,१४,०२४ लोकसंख्येला ३०० ने भागलं की ४,२०,०४७ येतात. गेरेरोचा वाटा येतो ८.४३. आठच. २०१० च्या आकड्यांवर ९.०५ येत होता, म्हणून तेव्हा ९.

डोंगरवाट

आकडेमोड, भागाकार मान्य. पण तुमच्याच पद्धतीने केला तर गेरेरोत आता एका खासदारामागे ४ लाख ४२ हजार लोक आहेत, कोलिमात ३ लाख ६६ हजार. घटनेने प्रत्येक राज्याला किमान दोन जागांची हमी दिलीय. छोट्या राज्याला सवलत चालते, मग गरीब राज्याला का नको?

आकडेमोड

कोलिमाला सवलत मिळालेलीच नाही. ७,३१,३९१ भागिले ४,२०,०४७ म्हणजे १.७४. उरलेला अपूर्णांक मोठा म्हणून वरची जागा मिळते. किमान दोनचा नियम नसता तरी कोलिमाला दोनच आल्या असत्या. गेरेरोचा अपूर्णांक .४३ होता, तिथे मार खाल्ला.

डोंगरवाट

हे मी तपासलं नव्हतं. कोलिमाचा मुद्दा मागे घेतो. बाकीचं म्हणणं कायम.

कलम५३

दोघंही जागांच्या संख्येवर भांडताय. माझ्या मते खरी लढाई राज्याच्या आत रेषा कुठून जाते याची आहे.

ऑगस्ट २००१ च्या घटनादुरुस्तीत एक छोटं संक्रमणकालीन कलम होतं: मतदारसंघ आखताना शक्य तिथे आदिवासी समाजांची वस्ती लक्षात घ्या. त्याआधी डोंगरातली गावं तुकड्या-तुकड्याने शेजारच्या शहरांना जोडली जाणं सहज शक्य होतं. २००५ च्या रचनेत पहिल्यांदा ४० टक्क्यांहून अधिक आदिवासी लोकसंख्या असलेले २८ मतदारसंघ निघाले. त्लापा मुख्यालय असलेला गेरेरोचा पाचवा त्यातलाच. ओकोसिंगो मुख्यालयाचा चियापासचा तिसराही त्यातलाच, आणि ओकोसिंगो म्हणजे १९९४ च्या झापातिस्ता या आदिवासी बंडखोरांच्या उठावात जिथे बाजारपेठेत गोळ्या चालल्या ते गाव. २०२२ च्या नकाशात आदिवासी आणि आफ्रो-मेक्सिकन लोकसंख्येचा निकष लावून असे ४४ मतदारसंघ आहेत. गेरेरोची एक जागा गेली, पण या समाजांचं वजन राहील असे देशभरातले मतदारसंघ वाढले.

आणि नुसती रेषा पुरत नाही. अशा मतदारसंघातूनही वर्षानुवर्षं पक्ष शहरातला माणूस उभा करायचे. २०१८ ला २८ पैकी १३ ठिकाणी आदिवासी उमेदवारच द्यायचे असं बंधन आलं, २०२१ ला ते २१ वर गेलं. डोंगरवाट, तुमच्या ला मोंतान्याला नववा खासदार मिळून तो आकापुल्कोत राहणारा असता, तर काय मिळवलं असतं?

डोंगरवाट

हा मुद्दा मला लागला, खरंच. तरीही रेषा आखणाऱ्याबद्दल मनात शंका आहे. आता संगणक आखतो. लोकसंख्येचा समतोल, आकाराचा सुटसुटीतपणा, गावागावांतला प्रवासाचा वेळ, असं सगळं एका सूत्रात घालायचं आणि हजारो शक्यतांमधून सगळ्यात कमी ‘खर्चा’चा नकाशा निवडायचा. राजकीय पक्षाने बदल सुचवला तर तोही त्याच सूत्राला लावून बघतात. १५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालतं. पण कुठलं गाव कुठल्या बाजाराला जातं, पाण्यावरून कोणाचं कोणाशी जुनं भांडण आहे, हे सूत्राला कुठून कळणार?

कलम५३

सूत्राला कळत नाही. पण गृहमंत्र्यांच्या हाताखालच्या आयोगाला जे ‘कळायचं’ त्यापेक्षा हे न कळणं मला चालेल. १९७९ ला त्या ३०० मतदारसंघांवर पहिली निवडणूक झाली, तेव्हा सत्ताधारी पीआरआयने २९६ जिंकले होते. संगणकाचं सूत्र निदान छापील असतं, त्यावर बोट ठेवता येतं.

जुनाजाणता

मला वाटतं हा सगळा वाद मतदारसंघाला फाजील महत्त्व देतो. २०२४ ला सत्ताधारी आघाडीने ३०० पैकी २५६ मतदारसंघ जिंकले. मतं साधारण ५४ टक्के आणि याद्यांसकट जागा ५०० पैकी ३६४. रेषा इकडे गेली काय, तिकडे गेली काय, तो लोंढा थांबला नसता. त्यापेक्षा सरळ याद्यांवर निवडणूक घ्यावी. तसा प्रस्ताव तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी एप्रिल २०२२ मध्ये मांडलाही होता: ३०० खासदार, सगळे राज्यांच्या याद्यांतून, मतदारसंघच नाहीत. त्याच डिसेंबरात, म्हणजे नवा नकाशा मंजूर झाला त्याच महिन्यात, दोन तृतीयांश मतांअभावी तो पडला.

डोंगरवाट

जुनाजाणता, याला मात्र कडाडून विरोध. यादीतला खासदार पक्षप्रमुखाचा असतो. त्लापाच्या माणसाला पूल वाहून गेल्यावर जाऊन दार ठोठावता येईल असं एक तरी नाव हवं. १९१७ च्या मूळ घटनेत ६०,००० माणसांमागे एक खासदार होता. लोकसंख्या वाढत गेली तशी ही अट १ लाख, दीड लाख, २ लाख अशी सैल होत गेली आणि शेवटी ३०० वर कुलूप लागलं. आज सव्वाचार लाखांमागे एक. दार आधीच लांब गेलंय, तुम्ही ते बंदच करा म्हणताय.

मॉन्टेरेकर

उशिरा येतेय. मी नोकरीनिमित्त सहा वर्षं मॉन्टेरेत राहते, म्हणजे ज्या न्युएवो लिओनने १२ वरून १४ मतदारसंघ मिळवले तिथे. ती वाढ रोज डोळ्यांनी बघते. शहराच्या पश्चिमेची गार्सिया ही नगरपालिका २०१० ला सुमारे १ लाख ४३ हजारांची होती, २०२० ला जवळपास ४ लाख. उजाड माळावर एकसारख्या छोट्या घरांच्या रांगा आणि पहाटे पाचला कारखान्यांच्या बसगाड्या. ही माणसं आकाशातून पडलेली नाहीत, बरीचशी इतर राज्यांतूनच आलीत. त्यांच्या नव्या घराला खासदार नको का? म्हणून मी आकडेमोड यांच्या बाजूची होते.

पण दर रविवारी शहराच्या मध्यावरच्या आलामेदा बागेत जाऊन बसा. आठवडाभर लोकांच्या घरी राहून घरकाम करणाऱ्या मुली-बायका सुट्टीच्या दिवशी तिथे जमतात. बऱ्याच जणी वास्तेका भागातल्या, नावात्ल बोलणाऱ्या. आमच्या इमारतीत काम करणाऱ्या बाई त्यातल्याच, वेराक्रुसच्या बाजूच्या. वेराक्रुसचीही या वेळी एक जागा गेली, २० ची १९.

२०२४ च्या मतदानाआधी मी त्यांना विचारलं, मत कुठे देणार? त्यांनी पर्समधून मतदार ओळखपत्र काढून दाखवलं. पत्ता गावाचा आणि सेक्शनचा, म्हणजे मतदान विभागाचा, चार अंकी आकडाही गावाचा. अकरा वर्षं मॉन्टेरेत राहून त्यांनी पत्ता बदललेला नाही. बदलला तर गावात आपलं काय राहिलं, असं त्या म्हणाल्या. जनगणनेत मात्र त्या मॉन्टेरेत मोजल्या गेल्या होत्या. इथल्या घरमालकिणीनेच नाव सांगितलं होतं.

आता हिशोब लावा. त्यांच्या डोक्यामागची जागा न्युएवो लिओनला आली, मत वेराक्रुसमध्ये राहिलं. दुसऱ्या राज्यातल्या विशेष मतदान केंद्रावर राष्ट्राध्यक्षासाठी आणि सिनेटच्या पक्षयादीसाठी मत देता येतं, पण आपल्या मतदारसंघाच्या खासदारासाठी नाही. २ जूनला त्या आमच्या बसस्थानकाजवळच्या विशेष केंद्रावर अडीच तास रांगेत उभ्या राहिल्या. हातात दोन मतपत्रिका मिळाल्या, खासदाराची त्यात नव्हती.