शिबिरात आईचं बीपी १५८/९६ आलं. गोळी सुरू करायची का?

माणदेशी_लेक:
मंगळवारी गावच्या देवळात तपासणी शिबिर होतं. आई (वय ५४) भांगलण टाकून धावतपळत गेली. बसली न बसली तोच झंपरच्या बाहीवरूनच पट्टा आवळला. १५८/९६. कागदावर 'उच्च रक्तदाब'. आई म्हणते, "ना चक्कर, ना डोकं दुखतंय. कसला बीपी?" उगाच जन्माची गोळी मागे लागेल, आणि नाही घेतली तर काही होईल, अशी दोन्हीकडून भीती वाटतेय.

आशा_सातारा:
ताई, ९ वर्षं आशा म्हणून काम करतेय. एका आकड्यावर बीपी ठरवत नाहीत, पण तो सोडूनही द्यायचा नाही. उपकेंद्रात न्या. आधी अर्धा तास चहा नको, मिश्री नको, लघवीला जाऊन येऊ दे. पाठ टेकवून ५ मिनिटं गप्प बसवा. पाय जमिनीला, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. दोनदा मोजायला सांगा. मग दुसऱ्या दिवशी परत. दोन्ही दिवशी १४०/९० किंवा वर आलं तर बीपी आहेच. १८० च्या वर गेलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे.
शिबिरावर रागावू नका, त्यामुळेच तर कळलं. बीपी दुखत नाही, म्हणून तर आम्ही तिशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या दारात जातो.
आणि आई मिश्री लावतात का? आमच्या फॉर्मात तंबाखूचं विचारतात, बायका सरळ "नाही" म्हणतात. मिश्रीला कुणी तंबाखू धरतच नाही. मी आता "डबी कुठंय?" असंच विचारते.

वाईकर:
आमच्या दादांचं बीपी नॉर्मल आलं म्हणून त्यांनी गोळी बंद केली. नॉर्मल आलं होतं ते गोळीमुळेच. चार महिन्यांनी पहाटे उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. आता त्यांना मी भरवतो. डॉक्टरांनी गोळी दिली तर मनाने बंद करू देऊ नका, एवढंच सांगतो.

माणदेशी_लेक:
काल १४८/९४, आज १५०/९२. दोन्ही वेळा नीट बसवून. डॉक्टरांनी अम्लोडिपिन ५ ची रोज एक दिली, महिनाभराच्या गोळ्या फुकट मिळाल्या. साखर बरी आहे, कंबर ९१ सेंमी भरली, बायकांना ८० च्या आत हवी म्हणाले.
आशाताई, डबी चुलीमागच्या कोनाड्यात सापडली. आई रडली. तीस वर्षांची सवय आहे, कशी सोडवू?