जड कुंड्या हलवणे आणि वाऱ्यात स्थिर ठेवणे : मदत हवी आहे

माझ्या फरसबंद अंगणात मातीच्या मोठ्या कुंड्यांमध्ये सहा फुटांपर्यंत वाढलेली कण्हेर आणि जास्वंद आहेत. ओली माती लिटरमागे दीड किलोहून अधिक भरत असल्याने ४० लिटरची कुंडी ६० किलोंच्या पुढे जाते, आणि काठाला धरून ओढल्यास ती तडकण्याची भीती असते. म्हणून चाकांची चौकट घ्यावी असे वाटते, परंतु अरुंद बुडाची, वर पसरलेल्या झाडाची कुंडी त्यामुळे आणखी उंच होऊन अधिक सहज कलंडेल का, ही माझी खरी चिंता आहे. मागच्या वादळात जास्वंद आडवी होऊन तिची मुख्य फांदी मोडली, याचे फार वाईट वाटले. चाकांना ब्रेक असणे पुरेसे ठरते, की कुंड्या एकमेकींना बांधून भिंतीतील कडीला अडकवाव्यात? कृपया अनुभव सांगावा.