मदत हवी आहे: अन्य भाषेत बोलतात, पण अर्थ सांगणारा कोणी नाही

कसबा बावड्यात दर बुधवारी आमच्या घरी ख्रिस्ती प्रार्थनासभा असते, वीसेक माणसं. प्रार्थना सुरू झाली की चार-पाच जण एकदम मोठ्यानं अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं, कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागतात. परवा पहिल्यांदाच आलेल्या एक मावशी घाबरून, चपला हातात घेऊनच बाहेर पडल्या. फार वाईट वाटलं.

बायबलमधलं १ करिंथ १४:२७-२८ (प्रेषित पौलाचं पत्र) सगळ्यांसमोर वाचलं: दोघांनी, फार तर तिघांनी, पाळीपाळीनं बोलावं, अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प राहावं. दोन आठवडे ठीक, मग पुन्हा तेच. एका ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "आत्म्याला अडवू नका." अडवायचं नाहीच, मनाई करू नका असं पौलच त्याच अध्यायाच्या ३९ व्या वचनात म्हणतो. पाळक (पास्टर) महिन्यातून एकदाच येतात.

तुमच्याकडे सभा चालवणारा नेमका कधी आणि कोणत्या शब्दांत थांबवतो?