मदत पायजे: लहानवाली इलेक्ट्रिक कार आत्ता घेऊ, थांबू का लीजवर घेऊ?

कपाशीवाला
नमस्कार मंडळी. डायरेक्ट मुद्द्यावर येतो, टाइम नाही. इलेक्ट्रिक कार घ्याची हाय, दहा लाखाच्या आत. शोरूमवाला म्हणते महिना संपाच्या आत बुकिंग करा नाहीतं ऑफर गेली, साळा म्हणते थांब, बॅटऱ्या स्वस्त होऊन रायल्या, न एक दोस्त म्हणते इकत घेऊच नको, लीजवर म्हणजे महिन्याच्या भाड्यानं घे. घेऊ, थांबू का लीज? तेवढंच सांगा. ईव्ही चांगली का वाईट यावर भाषण नको.

डोंगरी_टेम्पो
गाव कोणतं? रोजचं रनिंग किती? चार्जिंग कुठं?

कपाशीवाला
चार्जिंग घरीच ना भाऊ, आणखी कुठं. रनिंग आपलं रोजचंच.

डोंगरी_टेम्पो
रोजचंच म्हणजे किती बाप्पा! डॉक्टरले म्हणाचं दुखते, न कुठं दुखते ते सांगाचं नाही.

कोथरूडकर
मी अडीच वर्षं ईव्ही वापरतोय, एक रुपयाचा त्रास नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे, रात्री लावायची, सकाळी फुल्ल. तुम्ही सरळ एमजी कॉमेट घ्या, पार्किंगला इतकी सोपी गाडी दुसरी नाही. आणि लोन काढूनच घ्या, व्याजावर कलम ८०ईईबी खाली दीड लाखापर्यंत इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

रिटर्नवाले_काका
माहीत नसतं कारण ती आता नाही. ८०ईईबी फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या लोनला. तुम्हाला मिळाली असेल, ह्यांना मिळणार नाही. उगाच लोकांना लोन काढायला लावू नका.

कोथरूडकर
बरं, ते राहिलं. पण कॉमेटचं मी म्हणतो ते खरं आहे.

डोंगरी_टेम्पो
कॉमेटची चाकं १२ इंची हायेत सर. आमच्याकडं पावसाळ्यात काळ्या मातीचा पांदण रस्ता पायला का कधी? न पार्किंगचं काय सांगता, खेड्यात पार्किंग म्हणजे सारं आंगणच हाय.

कपाशीवाला
बरं घ्या डिटेल. गाव घाटंजी तालुक्यात. आमी दोघंबी नोकरीले यवतमाळले, एकाच गाडीत जातो, जाऊन-येऊन ८६ किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस धरा. महिन्यातून एकदा नागपूर, पोरगा हॉस्टेलले हाय. सध्याची डिझेल गाडी चौदा वर्साची, परवा तिचा क्लच गेला, काल बसनं गेलो न आजबी बसनंच, म्हणून घाई. आता तरी सांगा.

वर्धेची_ताई
दादा, माझ्याकडे टाटाची टियागो ईव्ही आहे, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी. कंपनीनं एका चार्जिंगमध्ये ३१५ किमी सांगितले होते, ते विसरून जा. हिवाळ्यात मला १९० ते २०० मिळतात, मे महिन्यात एसी लावून १७०. तुमच्या ८६ ला भरपूर झाले, रात्री १५ अँपिअरच्या सॉकेटवर लावली की सकाळपर्यंत भरते. १९.२ वाली लहान बॅटरी स्वस्त पडते म्हणून घ्याल तर नागपूरच्या दिवशी जीव टांगणीला लागेल. नागपूरला जाताना कळंबला चिंतामणीचं दर्शन घ्या न वर्धेत चहा, पण फास्ट चार्जर चालू आहे का ते ॲपवर पाहूनच निघा. मी एकदा न पाहता गेले, दोन तास झाडाखाली बसले.

४६_डिग्री
मेमध्ये बॅटरी उकडून मरते, लिहून ठेवा. आमच्या चंद्रपुरात मोबाइल टिकत नाही.

वर्धेची_ताई
मोबाइलची बॅटरी वेगळी न ही वेगळी. टियागोत एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) प्रकारची बॅटरी आहे, तिला उष्णता त्यातल्या त्यात सोसते, वरून लिक्विड कूलिंग आहे. वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी. दुपारी फास्ट चार्जिंग करून लगेच पळवायची नाही, एवढं मी पाळते.

समृद्धीप्रेमी
कोणीच सांगून नाही रायलं, समृद्धीवर ईव्हीले टोल माफ हाय! राज्याच्या २०२५ च्या धोरणात हाय. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, टोलचे किती वाचते पा.

कपाशीवाला
मले मुंबईले जाचंच नाही भाऊ.

पगारी_माणूस
लीजचं सांगतो कारण मी स्वतः लीजवर आहे. दोन गोष्टी एकात कालवू नका. एक, गाडीच लीजवर, ती आमच्यासारख्यांना कंपनी पगारातून कापून देते, त्यात टॅक्सचा फायदा असतो म्हणून परवडते, आणि वर्षाला किलोमीटरची मर्यादा असते. तुमचे रोजचे नि नागपूरचे मिळून वर्षाला २९ हजाराच्या आसपास जातील, मर्यादा ओलांडली की वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे. दोन, तुमचा दोस्त बहुतेक बॅटरी भाड्यानं मिळते ते म्हणत असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीनं ते आणलं तेव्हा कॉमेट ४ लाख ९९ हजार आणि वर किलोमीटरला अडीच रुपये होतं, नंतर दर बदलले. पण त्या जुन्याच दरानं तुमचे रोजचे २०६४ किमी घ्या, ५१६० रुपये नुसतं बॅटरीचं भाडं, वीज वेगळी. जो कमी फिरतो त्याला हे बरं. तुम्ही जास्त फिरता, तुम्हाला बॅटरी स्वतःची पाहिजे.

कपाशीवाला
हे कामाचं बोलले. म्हणजे लीज कटाप. आता थांबू का घेऊ?

साळ्याच्या_बाजूनं
थांबा. बॅटरी दरवर्षी स्वस्त होऊन रायली, आज घेतलेली दोन वर्सानं कोणी इचारत नाही. न २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्याइचा जीएसटी १८ टक्क्यावर आला, ईव्हीचा आधीपासून ५ च होता, तो तेवढाच रायला. म्हणजे दोघीतलं अंतर कमी झालं. पेट्रोल घ्या न मोकळे व्हा.

रिटर्नवाले_काका
थांबायचेही पैसे लागतात हो. महिन्याला दोन हजार किलोमीटर म्हणजे जुन्या डिझेल गाडीत दहा हजाराच्या वर जात असतील. वर्षभर थांबले तर लाख-सव्वा लाख धुरात. गाडी तेवढी स्वस्त होणार आहे का वर्षात?

साळ्याच्या_बाजूनं
झालीबी तं?

पऱ्हाटी_किंग
कापसाले काय भाव हाय बे घाटंजीत?

डोंगरी_टेम्पो
ए तो धागा अलग हाय.

पोलवरचा_माणूस
मी वायरिंगचं काम करतो, तीस वर्स झाले. इतके जण बोलले, कोणी मीटरचं इचारलंच नाही. कपाशीवाले भाऊ, तुमच्या लाइट बिलावर मंजूर भार, म्हणजे एका टायमाले किती वीज ओढता येते ते, किती लिहून हाय? ईव्हीचा घरचा चार्जर ३.३ किलोवॅट ओढते. घरी रात्री व्होल्टेज किती रायते? न अर्थिंग हाय का? अर्थिंग नसली तं बऱ्याच गाड्या चार्जिंग चालूच करत नाही, फॉल्ट दाखवते, मंग लोक शोरूमले शिव्या देते.

कपाशीवाला
भार कोण पायते? फ्रिज, कूलर, टीव्ही सारं चालते घरी. रात्री जरा डिम रायते. नाहीतं वावरातल्या मोटरीच्या लाइनवर लावीन, ते तं फुकटच हाय.

पोलवरचा_माणूस
हे भलतं करू नका! साडेसात एचपीपर्यंत शेतीपंपाची वीज माफ हाय ते ओलितासाठी, गाडीसाठी नाही. सापडले तं वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं बिल काढते. न ते लाइन आठवड्यात कधी दिवसा कधी रात्री, सकाळी सात वाजता मॅडमले ड्युटीवर कसं नेसान?

कोथरूडकर
मग सोलर बसवा ना! पीएम सूर्यघरमध्ये ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे.

पोलवरचा_माणूस
सर, ते चांगलंच हाय, पण अर्थिंग त्यालेबी लागते.

वर्धेची_ताई
हो, आणि युनिटचं पण धरा दादा. तुमच्या रनिंगला २९० युनिट सहज लागतील, घरचे शंभर-सव्वाशे मिळवले की चारशेच्या आसपास. तीनशेच्या वर दर कडाडतो. मला पहिल्या महिन्यात बिल पाहून घाम फुटला होता, तरी पेट्रोलच्या निम्म्याहून कमी पडलं.

इ_स्कूटरवाला
त्यापेक्षा दोघांले दोन स्कूटर घ्या न भाऊ. दोन लाखात काम.

कपाशीवाला
८६ किलोमीटर स्कूटरवर? कंबर तुमची हाय का माही?

कपाशीवाला
(दुसऱ्या दिवशी) बिल काढून पायलं. मंजूर भार ०.५ किलोवॅट. टेस्टर घेऊन साळ्यालेच बसवलं, रात्री साडेआठले १७८ व्होल्ट. न अर्थिंगची हिरवी वायर भितीतून निघते, तुळशीवृंदावनाच्या मांगं जाते न तिथं कापून ठेवेल हाय, कोणी कापली बापाले माहीत. शोरूमवाल्याले इचारलं हे तुमी आधी काहून नाही सांगतलं, तं म्हणते सर ते कस्टमरच्या साइडचं रायते. बुकिंगचे पैसे दिले नाही. भार वाढवाचा अर्ज उद्या देतो, ४ किलोवॅटचा टाकू का ५ चा?

पोलवरचा_माणूस
५ चा टाका. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, अलग एमसीबी (लोड वाढला तं आपोआप पडणारा स्विच), अर्थिंगचा गड्डा नवा. व्होल्टेज कमी रायते हे महावितरणले लेखी द्या, एकट्यानं नाही, मोहल्ल्यातले धा-बारा जण सही करा. तवरक क्लच टाकून घ्या जुन्या गाडीत.

कपाशीवाला
क्लचचे अकरा हजार सांगून रायला मेकॅनिक.

साळ्याच्या_बाजूनं
म्हणलं होतं ना थांबा म्हणून.

रिटर्नवाले_काका
तुम्ही कुठे मीटरसाठी थांबा म्हणाले होते?

नवीन_सदस्य_७
सगळे वाचले नाही पण कलर पांढरा घ्या, आपल्याकडे ऊन लय आहे.